शिवेचं ढेकूळ

सव्वा महिना आमच्या घरात कोनी मोकळं खोकललं न्हाई. ठसका आला की आत्याबाई पदराचा बोळा तोंडात धरायच्या आन डोळ्यातून पानी गाळत गप बसायच्या. पायात काटा मोडला तरी पाय नीट टेकवत चालायचं, लंगडायचं न्हाई. आमची मानसं छप्पन सालात देव नदीत सोडून आलेली, दुसऱ्याला शिकवनारी. पन ते अडतीस दिवस आमी ज्या भेवात काढले, तसे एखाद्या देवरुष्यानंबी काढले नसतील.

आधी कोन कुठला ते सांगते. मी संध्या. माहेर कनेरगाव नाक्याचं, दहावी नापास, तोंडानं फटकळ. दिलं शिरड शहापूरकडल्या एका बारक्या गावात. नवरा रत्नपाल जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, पोराईला विज्ञान शिकवतो. गाव त्याला मास्तर म्हनतं म्हून मीबी मास्तरच म्हनते. सासरा ग्यानोबा, म्हंजे मामंजी, सासू सोजराबाई, म्हंजे आत्याबाई, आन माही पोरगी ऐश्वर्या, तव्हा सहा वर्षांची. दीड एकर वावर, त्यात आमी सासू-सुना राबायचो, आन आपलं निंदून झालं की दुसऱ्याच्या वावरात रोजानं जायचो. साल दोन हजार एक. हिंगोली जिल्हा होऊन दोन वर्षं झाली होती, पन जिल्हा झाला म्हून मोजनीवाला लवकर येतो असं काय न्हाई.

मोजनी लागत होती तांड्यावरच्या अमरसिंगला. त्याचं वावर आमच्या गावच्या शिवेला लागून, वढ्याच्या काठी. शिवेच्या पलीकडं दुसऱ्या गावची हद्द, तिथं शेषरावचं रान. दोघाईच्या मधी चाळीस फुटाची पट्टी आन त्या पट्टीत विहीर. ती अमरसिंगच्या बापानं, वसरामनं, आपल्या हातानं खांदलेली. बारमाही पानी. उन्हाळ्यात सगळा तांडा त्या एका विहिरीवर जगायचा.

त्या साली शेषरावनं हळद लावली. हळदीला पार मार्चापर्यंत पानी लागतं. एक दिवस सकाळीच त्यानं विहिरीवर मोटार आनून बसवली आन म्हनला, शिव इथून जात न्हाई, वढ्याच्या वळनावरून जाते, विहीर माह्या हद्दीत हाय. अमरसिंगनं अर्ज टाकला. मोजनीवाला दोनदा येऊन गेला. दोन गावच्या नकाशाचा मेळ बसत न्हाई म्हनला, निजामाच्या वक्ताचा कागद पायजे म्हनला, आन साखळी गुंडाळून चहा पिऊन गेला.

शिव माहीत असलेला एकच मानूस जिता होता, ते आमचे मामंजी. त्याईचा बाप येसकर. शिवेचं भांडन लागलं की त्या काळी म्हाराची साक्ष शेवटची, कारन राखन त्याची, दगड त्याला ठावं. मामंजी आठ वर्षांचे असल्यापासून बापाच्या मागं शिव चालले. पुढं मेलेलं ढोर वढनं सोडलं, दारोदार भाकर मागनं सोडलं, सगळी म्हारकी सोडली, पन शिव काय डोक्यातून गेली न्हाई. शिवेचा दगड बसवायच्या आधी खड्ड्यात कोळसा टाकायचे. दगड कोनी हलवला तरी कोळसा सडत न्हाई, जागा सांगतो. हे मामंजीनं अमरसिंगला सांगितलं आन दोन जागी खांदून ओंजळ-ओंजळ कोळसा काढून दाखवला. शेषराव हसला. गुराख्यानं हुरडा भाजला असंल म्हनला. तिसरी जागा विहिरीजवळची, तिथं विहीर खांदताना माती वरखाली झालेली, कोळसा घावला न्हाई.

मंग मारुतीच्या पारावर बैठक बसली. शेषरावचे पावने-रावळे वर, आमची आन तांड्याची मानसं पाराच्या खाली. शेषराव चाळिशीचा, मामंजी अडुसष्टचे, पन तो त्याईला अरे-तुरेच करायचा. म्हनला, जुनी रीत हाय, ग्यानोबानं आंघोळ करावी, घोंगडं पांघरावं, शिवेचं ढेकूळ डोक्यावर घेऊन अनवानी चालावं. तो चालंल ती शिव. पन सव्वा महिन्यात त्याच्या घरात आजार, मरन, काय बी अवघड आलं तर खोटं चालला असं धरायचं. न्हाई आलं तर विहीर अमरसिंगची, मी मोटार काढून घेतो.

लई हुशार मानूस. त्याला बराबर ठावं होतं की मास्तर बापाला चालू देनार न्हाई, आन न चालला की विहीर आपली. पारावरच्या सगळ्याईनं माना डोलावल्या. त्यात ग्रामसेवक होता, दोन पोरं बी.ए. झालेली होती. डोळ्यानं दिसलेला कोळसा त्याईला पटला न्हाई, आन ढेकूळ पटलं.

घरी आल्यावर मास्तर तांबडे-लाल. त्याईनं चपला काढल्या न्हाई, तसेच बापापुढं उभे.

"बाबा, ज्या डोक्यावरचं वझं बाबासाहेबानं उतरवलं, त्याच डोक्यावर तुमी पुन्हा ढेकूळ घेनार?"

मामंजी बाजेवर बसून पायाचा चिखल काडीनं खरडून राहिले होते. मंग म्हनले, "ढेकूळ म्हंजे माती. खरं सांगायला माती डोक्यावर घ्यावी लागत असंल तर घेतो. मी गप बसलो तर शेषरावचं खोटं खरं व्हतं."

दुसरं कारन त्याईनं काढलं न्हाई, पन ते घरात सगळ्याईला ठावं होतं. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या वक्ताला आमची वस्ती पेटली, तव्हा मामंजी आत्याबाईला आन बारक्या रत्नपालला घेऊन पळाले. गावात कोन दार उघडीना. वसरामनं अकरा दिवस तांड्यावर ठिवून घेतलं. त्या अकरा दिवसात आमच्या मानसाईनं पानी पिलं ते त्याच विहिरीचं. मास्तरला आठवत होतं ते. म्हून त्याईनं मंग अडवलं न्हाई, पन त्या रोजी जेवले न्हाईत.

श्रावनातला दिवस. पाऊस उघडलेला, ऊन असं की चिखलातून वाफ निघून राहिली. दोन्ही गावचे लोक शिवेला जमले. आमी बाया वढ्याच्या दरडीवर. शेषरावनं ढेकूळ आपल्या हातानं निवडलं, चांगलं मोठं, वलं. ते मामंजीच्या डोक्यावर ठिवलं तर गढूळ पानी कपाळावरून, कानावरून, मानंवरून खाली घोंगड्यात उतरलं. काही पोरं हसली. मास्तर येनार न्हाई म्हनले होते, पन आले आन लांब बाभळीखाली छत्री धरून उभे राहिले, पाऊस नसताना.

मामंजी चालले. खाली बघत नव्हते, समोर बघत चालले. जिथं जिथं दगड असायचा तिथं थांबायचे, टाच दाबायचे आन पुढं निघायचे. मागून अमरसिंग टाचंच्या खुनेवर खुट्टी ठोकायचा. बाभळीचे काटे पडलेले, पायातून रगत येत होतं, पन पाय हालला न्हाई. मामंजी विहिरीच्या पलीकडून गेले, चांगले सात-आठ पावलं पलीकडून. म्हंजे विहीर अमरसिंगची. अमरसिंगची बायको जिवनबाई रडत त्याईच्या पायाला लागाया धावली, तर मामंजी मागं सरकले. शेषराव मनगटावरचं घड्याळ बघत म्हनला, आज पयला दिवस.

आता मास्तरची गंमत सांगते. हा मानूस पोराईच्या गळ्यातले गंडे-दोरे तोडत हिंडायचा. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम तिच्या मागून जायचा. त्या मानसानं दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरावर पेनानं अडतीस दिवस मांडले. सकाळी उठले की पयलं सगळ्याईच्या कपाळाला हात लावून बघायचे. पानी उकळून प्या, पोरीला झाडावर चढू देऊ नका, बाबा तुमी वावरात जाऊ नका, साप असतेत. मी म्हनलं, काहून हो, तुमचा तर इस्वास न्हाई. तर म्हनले, आपल्यासाठी न्हाई, लोकाईसाठी. माह्या तोंडात आलं होतं की लोकं तर घरात न्हाईत, मंग हात कोनाच्या कपाळाला लावता. पन बोलले न्हाई. मलाबी बरंच वाटत होतं त्याईनं हात लावलेलं.

लोकं घरात नव्हते असंबी न्हाई म्हना. कोनी इस्तू मागाया यायचं, कोनी ताक. जलमात आमच्या दारात न आलेल्या बाया दारातून आत डोकावायच्या, बाजा मोजायच्या, कोन झोपलंय का बघायच्या. सोजराबाई दिसत न्हाईत, बरं हाय न? जिवनबाई रोज सकाळी तांड्यावरून तांब्याभर दूध आनायची, पोरीला पाजा म्हनायची, आन पोरगी घटाघटा पिऊन व्हईपर्यंत तिच्याकडं बघत बसायची. तिला पोरीची माया होती, खोटं कशाला बोलू. पन त्या बघन्यात विहीरबी होती.

एकोनतिसाव्या दिवशी ऐश्वर्याचं अंग तापलं.

सकाळी मास्तरनं कपाळाला हात लावला आन तसाच ठिवला. कोनाला सांगू नको म्हनले. पाऊस-पान्याचा ताप हाय, दोन दिवसात उतरतो. शिरडच्या दुकानात गोळ्या घेतल्या तर गावाला कळंल म्हून सायकल हानत औंढ्याला गेले आन तिथून गोळ्या आनल्या. शाळेत सांगितलं, पोरगी मामाच्या गावाला गेली, कनेरगाव नाक्याला. जिवनबाईलाबी तेच. दूध तिनं तरीबी ठिवलं, आत्याबाईनं मागच्या दारानं सांडलं.

पोरगी आतल्या खोलीत गोधडीवर. खिडकीला पोतं लावलेलं. मामंजी तिच्या उशाला बसून वल्लं फडकं बदलायचे. गोळी दिली की ताप उतरायचा, चार तासानं पुन्हा चढायचा. आन मी? मी निंदायला जायची. घरात बसले असते तर बायाईला शंका आली असती. सोयाबीनच्या तासात पंधरा बायाईच्या मधी वाकून बसायची, त्याईनं चेष्टा केली की हसायची. एक दिवस हाताचं भानच राहिलं न्हाई, उजवा हात खुरप्यावरून घसरला आन पातं अंगठ्यात घुसलं. रगत दिसू नये म्हून मी अंगठा वल्ल्या मातीत दाबला आन मूठ झाकून दुसऱ्या हातानं तास काढलं. शेजारची म्हनली, डावखुरी कधीपासून झालीस ग. मी म्हनलं, मास्तरची बायको हाय, दोन्ही हातानं लिहिते. सगळ्या हसल्या.

तेहतिसाव्या दिवशी पोरीनं वकाऱ्या काढल्या. उजेड नको म्हनायची. मान दुखते म्हनायची. हनुवटी छातीला लावाया गेले तर लागंना, लाकडावानी ताठ. मी पोरीला कडंवर उचललं आन म्हनलं, मी चालले हिंगोलीला. मास्तर दारात आडवे आले.

"पाच दिवस राहिले, संध्या. आज नेलं तर उद्या सगळा तालुका म्हनंल ढेकूळ खरं निघालं. मंग मी वर्गात काय तोंडानं शिकवू? हे आपल्या एकट्याचं न्हाई. आपून हरलो तर अंधश्रद्धा जिंकली."

हे त्याईचे शब्द. अंधश्रद्धेला हरवन्यासाठी पोरगी कोंडून ठिवायची. शिकलेल्या मानसाचं येडेपन न शिकलेल्याच्या येडेपनापेक्षा वंगाळ, कारन त्याला कारनं सापडतेत. मामंजी उशाला बसूनच म्हनले, संध्या, तू म्हनशील तसं. आत्याबाई म्हनल्या, ने ग बाई, आग लागो त्या विहिरीला.

म्हंजे दार काय बंद नव्हतं. सासू-सासरे माह्या बाजूनं होते. नवऱ्याला ढकलून निघाले असते तर त्यानं काय मला मारलं नसतं, तसला न्हाई तो. पन मी पोरीला पुन्हा गोधडीवर ठिवलं. काहून ठिवलं? मला वाटलं, तांड्याचं पानी जाईल, म्हाताऱ्याचं जलमाचं खरेपन जाईल, लोकं थुकतील. पाचच तर दिवस हायेत. दुसऱ्याला किती बी शिव्या घालते मी, पन दिवस मीबी मोजले.

अडतिसाव्या दिवशी दिवस कलताना विहिरीवर जमायचं ठरलेलं. रीत अशी की साक्ष देनाऱ्याचं सगळं घर उभं करायचं, लेकरासगट. मामाच्या गावाहून बोलावून घ्या म्हने पोरीला. मास्तरनं तासभर आधी गोळी दिली, वरून अजून एक. मी तिला नवा फ्रॉक घातला, वेनी घातली, पावडर लावली. तिला उभं राहता येईना. कडंवर घेतलं, डोकं माह्या खांद्यावर टेकवलं. फ्रॉकातून तिच्या अंगाची धग माह्या छातीला लागत होती.

शेषरावनं आमच्याकडं एक-एक करून बघितलं, बाजारात बैल बघतेत तसं. मामंजी बरे. सोजराबाई बऱ्या. मास्तर बरे. माह्याकडं आला तर म्हनला, पोरगी काहून मान टाकून हाय? मी म्हनलं, दुपारी एष्टीनं आली, झोपेला आली. तेवढ्यात जिवनबाई पुढं आली. पोरीचा गालगुच्चा घ्यायला तिनं हात गालाला लावला. हात चटका बसल्यावानी उचलला गेला. तिनं माह्या डोळ्यात बघितलं. मी तिच्या डोळ्यात बघितलं. मंग ती शेषरावकडं वळून हसली.

"लेकरू झोपेला आलंय, मालक. परवासानं दमलंय."

शेषरावनं नारळ फोडला. मानूस शब्दाला पक्का. उद्या गडी लावून मोटार काढतो म्हनला, मामंजीला म्हनला, ग्यानोबा, तू खरा. तांड्याच्या मानसाईनं मामंजीला खांद्यावर घेतलं. मास्तर डोळे पुसत होते. मी पोरीला घेऊन घराकडं पळत सुटले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. आता कोनाला कायबी सांगायला मोकळे होतो न. गावाच्या फाट्यावर पोरीला पयला झटका आला, माह्या हातातच. डोळे वर, हात-पाय आखडले. हिंगोलीची जीप आली, भरलेली. पुढच्या शिटावर शेषराव. तो झटक्यानं खाली उतरला, डायव्हरवर वरडून दोन मानसं उतरवली, पोरीला आपल्या मांडीवर घेतलं, तिच्या तोंडावर पानी शिंपडत राहिला. हिंगोलीत पोरीला उचलून दवाखान्याच्या पायऱ्या तोच चढला. तो वाईट होता असं मी म्हननार न्हाई. पोरगी वाचावी असं त्याला मनापासून वाटत होतं.

दवाखाना खाजगी, डॉक्टर तरुन. त्यानं पोरीची मान उचलून बघितली, डोळ्यात बॅटरी मारली आन इचारलं, "ताप कधीपासून आहे?"

शेषराव माह्या मागं उभा होता, हातात पान्याची बाटली घेऊन. मास्तर म्हनले, "कालपासून, सर. काल रात्रीपासून."

"नक्की? आधी काही नव्हतं? उलटी, मानदुखी?"

"न्हाई, सर. काल रातीच."

डॉक्टर चिठ्ठीवर लिहाया लागला. मी बघून राहिले. त्याचा पेन चालत होता, आन तो जे लिहीत होता ते आमच्या खोट्यावर लिहीत होता. त्या पेनानं माह्या पोरीला चुकीचं औषध जानार होतं. मामंजीचं ढेकूळ, तांडा, विहीर, मास्तरचा वर्ग, सगळं एका बाजूला ठिवलं मी, आन ते दहा दिवस आधीच ठिवायला पायजे होतं.

"धा दिवस झाले, डॉक्टरसाहेब," मी म्हनलं. "सहा दिवसांपासून वकाऱ्या. मान ताठ. आमी लपवलं."

शेषरावनं बाटली बाकड्यावर ठिवली. डॉक्टरनं चिठ्ठी फाडली, दुसरी घेतली. मास्तरला इचारलं, आपण काय करता? मास्तर म्हनले, शिक्षक आहे. डॉक्टरनं फकस्त एकदा त्याईच्याकडं बघितलं आन नर्सला हाक मारली.

मेंदूज्वर होता. पाठीच्या मनक्यातून पानी काढलं, इंजेक्शनं चालू केली. ती आनाया दुकानावर धावला तोबी शेषरावच. पाच दिवस पोरगी जगते का मरते कळंना. सहाव्या दिवशी तिनं डोळे उघडले आन दूध मागितलं. मी तिला जवळ घेऊन बोलत सुटले, काय बोलले ते आठवत न्हाई. ती माह्या तोंडाकडं बघत राहिली. मंग म्हनली, "मम्मी, मोठ्यानं बोल न."

मी मोठ्यानं बोलले. अजून मोठ्यानं बोलले. वार्डातल्या सगळ्या खाटा माह्याकडं बघाया लागल्या. पोरगी म्हनली, मोठ्यानं बोल न.

डॉक्टर म्हनला, दोन्ही कान गेले. चार-पाच दिवस आधी आनलं असतं तर बहुतेक वाचले असते. त्यानं दोष दिला न्हाई, नुसतं सांगितलं.

गावात परत आलो तर शेषरावला काय सांगाया लागलंच न्हाई. कोनी इचारलं की तो एवढंच म्हनायचा, मी काय म्हनत न्हाई बाबा, मास्तरच्या बायकोनंच सांगितलं, ताप एकोनतिसाव्या दिवशीच आला. मोटार काढलेली पुन्हा बसली. खुट्ट्या उपटल्या. अमरसिंग बोलायला तयार नव्हता, कारन तांड्यातच दोन मतं पडली होती. जुनी मानसं म्हनाया लागली, बापाकडून कानानं ऐकलेली खोटी शिव चालला म्हातारा, म्हून नातीच्या कानावर गेलं. इतकं नेमकं कारन मिळाल्यावर कोळशाचं कोन इचारतं. पुढच्या उन्हाळ्यात तांड्याच्या बाया दोन कोस लांबून पानी वाहू लागल्या, आन येता-जाता आमच्या दाराकडं बघून तोंड फिरवायच्या.

जिवनबाईचं दूध बंद झालं. एकदा पांदीच्या वाटंत गाठ पडली, तिच्या डोक्यावर दोन हंडे. मी आडवी आले. म्हनलं, त्या दिवशी तुमच्या हाताला लागलं होतं न, मंग काहून बोलल्या न्हाईत?

तिनं हंडे उतरवले न्हाईत. मान ताठ धरूनच म्हनली, "तू आई हायेस. तू बोलली न्हाईस. मी काहून बोलू?" आन बाजूनं निघून गेली. तिच्या हंड्यातलं पानी माह्या अंगावर सांडलं.

मी मास्तरसंगं लई दिवस बोलले न्हाई. त्याईनं शाळेतून बदली मागितली, मिळाली न्हाई. पोरीला ते हातवाऱ्यानं शिकवायला बसायचे, पाटीवर चित्र काढायचे, ती त्याईच्या मांडीवर बसून खडू चघळायची. मला वाटलं, मानूस वाकला, शहाना झाला. चूक कळली त्याला. मामंजी मातर खचले न्हाईत. कोनी टोमना मारला तर म्हनायचे, लेकराला ताप ढेकळानं न्हाई आला, आमच्या लपवन्यानं वाढला. शिव जिथं हाय तिथंच हाय. घरात ते एकटेच सरळ उभे होते, त्याईच्याकडं बघून मला भाकर गोड लागायची.

त्याच साली दिवाळीच्या पुढं-मागं, सकाळची वेळ. मामंजी वट्ट्यावर ऊन खात बसलेले. मास्तर शाळेत निघाले होते, चपला घातल्या, सायकल काढली, पुन्हा टेकवली. बापाजवळ येऊन उकिडवे बसले. मी चुलीपुढं होते, दार उघडं होतं.

"बाबा," मास्तर म्हनले, आवाज एकदम बारीक. "रागावू नका. त्या दिवशी वढ्याच्या वळनावर... पाय बराबर पडला होता न तुमचा?"

मामंजीनं त्याईच्याकडं बघितलं. मला वाटलं आता काठी उचलतील. त्याईनं काठी उचलली न्हाई. वट्ट्याच्या मातीत बोटानं एक रेघ वढली, थोडी वळवली, थांबले. पुसली. पुन्हा वढली.

"आता मलाबी सांगता येईना, बाबू," ते म्हनले.

ऐश्वर्या तिथंच होती, दोघाईच्या मधी बसून भाकरीचा काठ खात. तिला ते ऐकू गेलं न्हाई. मला गेलं.